कारण अज्ञात

अ‍ॅक्रनमध्ये आता रबराचा वास येत नाही.
मी आले तेव्हा यायचा, पूर्वेचा वारा असला की,
आणि रेमंड होर्वाथ प्रयोगशाळेची खिडकी उघडून म्हणायचा,
हा माझ्या बापाचा पगार.
त्याचा बाप टायर कंपनीत न झिजणारं काही बनवायचा,
आम्ही तिसऱ्या मजल्यावर
वेळेवर नाहीसं होणारं.

नक्की काय करता हो, लोक विचारायचे,
बारशाला, गणपतीला, एकदा विमानात.
ठिगळ, मी सांगायची. श्वासनलिकेला लावायचं.
मांस स्वतःला धरायला शिकेपर्यंत धरून ठेवायचं,
मग पाण्यात साखर जाते तसं जायचं.
खरं तर साखरेसारखंही नाही.
साखर जाताना गोड करून जाते.

पॉलिमरला मराठीत बहुवारिक म्हणतात
हे मला भाचीच्या पुस्तकात कळलं,
तोवर माझी चार पेटंटं झाली होती.
एक कडी, तिला दुसरी, अशा हजार,
कोरड्या हवेत.
ओल शिरली की साखळी आखूड राहते
आणि आखूड साखळी लवकर सुटते.
रसायनशास्त्र एवढंच. बाकी भांडी घासणं.

चौऱ्याण्णवचा ऑगस्ट.
कोरड्या हवेची पेटी दुरुस्तीला गेलेली,
अनुदानाचा अहवाल शुक्रवारी.
मी बाटली उघड्या टेबलावर उघडली.
फार तर चाळीस सेकंद.
खिडकीच्या काचेला बाहेरून घाम फुटला होता,
तो मी पाहिला होता.

नव्वद दिवस टिकायचं ते अकराव्या रात्री सुटलं.
वूस्टरहून फोन आला, मी गाडी काढली,
दुतर्फा मका, माणसापेक्षा उंच,
दिव्यात येणारे किडे.
मेंढी क्रमांक ४४१७ कुशीवर पडली होती.
डॉक्टर लोइस एबरली कोपरापर्यंत हात धूत होती,
तिनं मला काहीच विचारलं नाही.
मेंढीच्या ओठात गवताची एक काडी होती,
चावायची राहिलेली.

वहीत मी लिहिलं: कारण अज्ञात.
त्या दोन शब्दांचं अक्षर
अख्ख्या वहीत सर्वांत सुरेख आलंय.

पुढे ठिगळ चाललं.
क्लीव्हलंडला एका सात आठवड्यांच्या बाळाच्या गळ्यात गेलं,
मग इतरांच्या.
ते पहिलं बाळ आता बास्केटबॉल खेळतं म्हणे,
पंचाशी भांडतं, मोठ्यानं.
त्याच्या गळ्यात माझं काही उरलेलं नाही.
भिंतीवर माझ्या नावाची पितळी पाटी आहे,
तिला मात्र विरघळायचं ठाऊक नाही.

आज खोली रिकामी करायची.
निवृत्तीचा केक अर्धा तसाच,
वह्या खोक्यांत, खोकी ट्रॉलीवर.
मी ते पान काढलं. काढणारच होते.
समासात, पेन्सिलीनं, डावखुऱ्या बारीक अक्षरात:
खोलीतली आर्द्रता ७१.
तारीख बाटलीच्या दिवसाची.

म्हणजे तीस वर्षं.
तीस वर्षं तो माझ्यासाठी बिनसाखरेची कॉफी आणत राहिला
आणि ओल टिपणारे निळे दाणे
दर सोमवारी, कुणी न सांगता, बदलत राहिला.
मला वाटायचं त्याला निळा रंग आवडतो.

तू कधी बोलला नाहीस, मी म्हटलं.
तो ट्रॉलीचं चाक सोडवत होता.
लिहिलं होतं की, म्हणाला,
आणि चाकात अडकलेला दोरा दातानं तोडला.

सदतीस अंशांच्या पाण्यात एक कुपी राहिली होती.
चिठ्ठीवर दोन हजार सहा.
दोन वर्षांत संपायला हवा होता तो तुकडा
अजून आहे, नखाएवढा, दुधी,
कडा थोड्या मऊ झालेल्या.
ही टाकू? त्यानं विचारलं.
मी ती उजेडाकडे धरली.
बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी बर्फ खरवडत होतं.

थांब, म्हटलं.
आधी वजन करू.